कणीक, ओळंबा आणि खडू

पोरी,

पाठवलेला फोटो बघितला. काळी, दहा आऱ्यांची, १८ इंची रिम. तुझ्या पांढऱ्या व्हर्टसवर उठून दिसेल, यात शंका नाही. पण खाली तू लिहिलंयस, ‘दुकानदार म्हणतोय डायरेक्ट बसतात, मामा,’ आणि त्या ‘डायरेक्ट’ शब्दानं मला कागद घेऊन बसवलं. उद्यमनगरात मी आधी अकरा वर्षं फाउंड्रीत काढली आणि मग तीस वर्षं अलाइनमेंटच्या खड्ड्यात. ‘डायरेक्ट बसतात’ म्हणून घेतलेली आणि खरोखर तशी बसलेली मॅगव्हीलं त्यात थोडीच पाहिली. फोनवर सांगितलं तर तू ‘हो हो’ म्हणशील आणि कामाच्या गडबडीत विसरशील, म्हणून लिहून देतोय. हा कागद जपून ठेव. पुढची गाडी घेशील तेव्हाही लागेल.

तुझ्या हातात काय गाडी आहे ते आधी लक्षात घे. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर. साडेबाराशे किलोच्या आसपासच्या गाडीला ही ताकद भरपूर झाली. ती सगळी रस्त्यावर उतरते पुढच्या दोन टायरांच्या तळव्याएवढ्या ठशांतून. ब्रेकचा सगळ्यात मोठा भारही तिथंच, आणि वळण घेतानाची ओढही तिथंच. म्हणून तुझ्याजवळ जे पैसे आहेत त्यातले आधी टायरचे बाजूला काढ आणि उरतील त्यात रिम बघ. लोक उलटं करतात. रिमवर सगळा खिसा रिकामा करतात आणि मग ‘आता टायर जरा हलका चालेल’ म्हणतात. कंपनीच्याच रिमवर चांगलं रबर चढवलेली गाडी पावसात करूळचा घाट जशी उतरते, तशी महागड्या रिमवर कडक, स्वस्त टायर घातलेली उतरत नाही. दोन्ही प्रकारच्या गाड्या मी स्वतः उतरवल्यात, म्हणून सांगतो.

आता मापं. रिमचं डिझाइन बघायच्या आधी ही मापं वहीत लिहून घे आणि दुकानात वही घेऊनच जा.

पहिलं माप पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. तुझ्या गाडीला पाच बोल्ट आणि १०० मिलिमीटर, पोलोला होतं तेच. पाच बोल्टांच्या रिम ११२ आणि ११४.३ च्याही सर्रास मिळतात. ११२ ची ऑक्टाव्हियाला चालते, तुला नाही. मधे ॲडॅप्टर घालून बसवून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढं जायचं. फरक एवढा मोठा असला की निदान रिम चढतच नाही, त्यामुळं चूक जागीच कळते. खरा धोका आहे तो दोन मिलिमीटरच्या फरकाचा.

एका पोराची अबार्थ पुंटो माझ्याकडं आली होती. रांजणगावला बनायची ती, १४५ अश्वशक्तीची. पोरगं गाडीला जीव लावणारं. त्या गाडीचं वर्तुळ चार बोल्टांचं, ९८ चं. आणि बाजारात ढिगानं मिळणाऱ्या रिम १०० च्या. कुठल्याशा दुकानात ‘दोन मिलिमीटरनं काय होतंय’ म्हणून चारी बोल्ट दाबून आवळून दिले होते. ८० च्या पुढं गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. तीन ठिकाणी बॅलन्सिंग करून झालं, टायर आलटून-पालटून झाले, थरथर तशीच. मी बॅलन्सिंगच्या मशिनला हातच लावला नाही. एक बोल्ट काढला, फडक्यानं पुसला आणि उजेडात धरला. बोल्टाचा उतार रिमला सगळीकडून टेकला असता तर त्यावर चकचकीत पट्टा पूर्ण गोल उमटला असता. इथं एका बाजूला चतुर्थीच्या चंद्राएवढी कोर उमटली होती आणि बाकीचा बोल्ट कोरा होता. म्हणजे ते चाक अशा चार कोरांवर टांगलेल्या अवस्थेत रोज हायवेला धावत होतं. तिसरा बोल्ट काढला तर त्याच्या मुळाशी केसाएवढी चीर. मी ती नखानं दाखवली तेव्हा पोरगं तिथंच स्टुलावर बसलं. त्याच दिवशी जुनी चाकं परत चढवली. तेव्हापासून पीसीडीच्या बाबतीत मी ‘जवळपास’ हा शब्द ऐकून घेत नाही.

दुसरं माप मधल्या भोकाचं, सेंटर बोअर. तुझ्या हबचा मधला कडा ५७.१ मिलिमीटरचा आहे. चाकाचं भोक त्यावर घट्ट बसलं की चाक आपोआप मध्यावर येतं, बोल्टांनी ते फक्त दाबून धरायचं. बाहेरच्या रिमला हे भोक मुद्दाम मोठं ठेवतात, पुष्कळदा ७३.१ चं, म्हणजे एकच रिम दहा प्रकारच्या गाड्यांना विकता येते. ती फट भरायला हब रिंग लागते, आतून ५७.१ आणि बाहेरून रिमच्या भोकाएवढी. चार रिंगा, रिमबरोबरच मागून घ्यायच्या. ‘बोल्ट बरोबर आवळले की रिंगेची गरज नाही’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठायचं. आणि बसवायच्या आधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासून घ्यायचा. गंजाची एक खपली मधे राहिली तरी चाक तिरकं बसतं.

तिसरी गोष्ट बोल्टाच्या बुडाची. तुझ्या फोक्सवॅगनच्या गाड्यांत ती हमखास चुकते, म्हणून इथं जरा थांब.

फोक्सवॅगनचा मूळ बोल्ट घे आणि त्याच्या डोक्याखाली बोट फिरव. गोटीसारखा गोल लागेल. कंपनीच्या रिममधली बैठकही तशीच, वाटीसारखी. बाहेरच्या बहुतेक रिमची बैठक मात्र निमुळती असते, ६० अंशांच्या शंकूची. गोल बुडाचा बोल्ट शंकूत आवळला तर तो एका बारीक रेषेवर टेकतो. आवळताना हाताला काही वेगळं कळत नाही, टॉर्क पानासुद्धा वेळेवर ‘टक्’ म्हणतो. मग शे-दोनशे किलोमीटरांत त्या रेषेवरचा रंग झिजतो, ॲल्युमिनियम दबतं आणि बोल्ट सैल पडतो.

ही चूक मी स्वतः केलीय. आपल्याकडं पोलो नवीन आली होती तेव्हाची गोष्ट. गिऱ्हाईकानं रिम आणल्या, वर्तुळ जुळलं, रिंगा होत्या, मी त्याच्या मूळच्या बोल्टांवर चाकं बसवून दिली. तो रत्नागिरीला निघाला. आंबा घाट उतरताना त्याला डाव्या पुढच्या चाकातून टकटक ऐकू आली आणि तो शहाणा म्हणून लगेच कडेला थांबला. पाचातले तीन बोल्ट बोटानं फिरत होते. मागच्या सीटवर त्याची दोन लेकरं होती. मी दुसरे बोल्ट घेऊन घाटात गेलो, ते बदलले आणि परत आलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून तुला सांगतो, रिमबरोबर शंकूच्या बुडाचे वीस बोल्ट घ्यायचे आणि प्रत्येक बोल्ट रिमच्या बैठकीत हातानं घालून डोळ्यांनी बघायचा. आटे १४ मिलिमीटर बाय १.५. तुझ्या गाडीला नट नाहीत, बोल्ट थेट हबमध्ये जातो, त्यामुळं लांबीही महत्त्वाची. हातानं फिरवताना निदान सात-आठ पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. फार लांब असेल तर मागून बाहेर येऊन आतल्या भागांना घासेल, तेही बघायचं.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती कोणीच सांगत नाही. स्टेपनी कंपनीचीच राहणार, म्हणजे तिची बैठक गोल. रात्री कुठं पंक्चर झालं आणि शंकूचे बोल्ट स्टेपनीला लावलेस तर तीच चूक उलट्या बाजूनं होते. म्हणून मूळचे पाच बोल्ट कापडी पिशवीत घालून स्टेपनीजवळ ठेवायचे. पिशवीवर मार्करनं ‘स्टेपनी’ लिही, कारण पाना दुसऱ्याच कोणाच्या हातात असेल.

आता ऑफसेट. रिमच्या पाठीवर ‘ईटी’ आणि पुढं आकडा कोरलेला असतो. एका जर्मन शब्दाची ती अक्षरं. रिमच्या रुंदीची मधली रेषा आणि हबला टेकणारा चेहरा, या दोघांमधलं अंतर म्हणजे ईटी. आकडा जितका मोठा तितकं चाक आत, जितका लहान तितकं बाहेर. नुसता ईटी बघून मात्र काही कळत नाही, रुंदीही धरावी लागते. समज जुनी रिम ६ इंच रुंद आणि ईटी ४०, नवी साडेसात इंच आणि ईटी ३५. रुंदी वाढली दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर; त्यातले १९ बाहेर आणि १९ आत. ईटी पाचनं कमी झाला म्हणजे अख्खं चाक ५ बाहेर सरकलं. एकूण बाहेरची कडा २४ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली १४ आत गेली. हा हिशेब दुकानदाराला विचारू नको, स्वतः कर. आपल्या रिमच्या पाठीवरचे आकडे वाचायचे आणि वहीत मांडायचं.

मग जागा किती आहे ते मोजायचं. गाडी सपाटीला, चाकं सरळ. गवंड्याचा ओळंबा घे, दोरा मडगार्डच्या काठावर चाकाच्या बरोबर मध्याशी धर आणि लोंबू दे. दोरा आणि टायरची वरची फुगीर बाजू यांत किती मिलिमीटर आहेत ते पट्टीनं मोज. चारी चाकांना वेगवेगळं मोज, कारण डावी-उजवी बाजू क्वचितच तंतोतंत सारखी असते. आतल्या बाजूला टायर आणि शॉकअप यांमधली फट बघ. पुढचा शॉकअप चाकाबरोबरच वर-खाली होतो, म्हणून तिथं नव्या टायरला सहा-सात मिलिमीटर उरले तरी भागतं. मडगार्डचं तसं नाही. खड्ड्यात चाक वर येतं आणि वळताना तिरकं होतं, तिथं सढळ जागा हवी. जागा कमी पडली की लोक स्पेसर घालतात. माझं म्हणणं, स्पेसर घालायची वेळ आली म्हणजे रिमच चुकीची निवडली. बरोबर ईटीची रिम शोधायला महिना लागला तरी चालेल.

ब्रेकच्या कॅलिपरला आरी घासते का, हे बघायची माझी रीत घरातलीच आहे. पोळ्यांसाठी भिजवलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा घ्यायचा, जरा घट्ट मळलेला. कॅलिपरच्या बाहेरच्या अंगावर आणि वरच्या कोपऱ्यावर वातीसारखे दोन वेटोळे दाबून लावायचे. मग टायर न चढवलेली नुसती रिम हबवर बसवायची, दोन बोल्ट हातानं लावायचे आणि रिम एकदा सावकाश फिरवायची. काढून बघ, कणीक जिथं दबलीय तिथली जाडी म्हणजे तुझी उरलेली जागा. आऱ्यांशी ३ मिलिमीटरच्या खाली नको आणि वरच्या कोपऱ्याशी ५ तरी हवेत, कारण बॅलन्सिंगची चिकट वजनं रिमच्या आतूनच लागतात आणि त्यांनाही जागा लागते. टायर चढवल्यावर दुकानदार रिम परत घेत नाही. म्हणून कणकेची परीक्षा त्याच्या आधी. आईला सांग, मामानं मागितलीय.

टायरचं माप काढायला शाळेतली बेरीज पुरते. तुझ्यावर आहे २०५/५५ आर १६. २०५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिलिमीटर. दोन भिंती २२५.५, त्यात १६ इंचांचे ४०६.४. एकूण व्यास ६३१.९. नवा टायर याच्या एक टक्का इकडं-तिकडं असावा. २१५/४५ आर १७ चा येतो ६२५.३, एक टक्का कमी. २०५/५० आर १७ चा ६३६.८, पाऊण टक्का जास्त. २२५/४० आर १८ चा ६३७.२. तिन्ही बसतात. आणि कोणी २१५/५५ आर १७ दाखवला तर? ६६८. जवळजवळ सहा टक्के जास्त. मग काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा सहा किलोमीटर जोरात असेल, गिअरची पकड ढिली होईल आणि वळताना टायर आतल्या प्लास्टिकला घासेल.

तरीही १८ ला मी नको म्हणतोय, त्याचं कारण याच बेरजेत आहे. आता तुझ्या रिमच्या आणि खड्ड्याच्या मधे ११३ मिलिमीटर रबर-हवा आहे. १८ वर ती राहते ९०. तू राहतेस चाकणला, महिन्यातून एकदा कोल्हापूरला येतेस, पावसाळ्यात कोकणात उतरतेस. रात्री पाण्यानं भरलेला खड्डा दिसत नाही. ते २३ मिलिमीटर तिथं कामाला येतात; नसले की टायरच्या भिंतीला फुगा येतो किंवा रिमचा ओठ वाकतो. त्यात परदेशी टायरच्या आयातीवर जून २०२० पासून सरकारचे निर्बंध आहेत, त्यामुळं कमी खपाच्या मापांचा एकच टायर फाटला तर तसाच दुसरा मिळेपर्यंत गाडी दारात उभी. माझं ऐकशील तर १७ वर थांब. ७ इंच रुंद रिम आणि २०५/५० आर १७. भिंत १०२ ची राहते, गाडी वळणात ताठ वाटते आणि सांगलीतही टायर मिळतो.

आता टायरवरचा एक आकडा, जो मापानंतर लगेच छापलेला असतो आणि कोणी वाचत नाही. ९१व्ही असं काहीतरी. ९१ म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ६१५ किलो उचलतो, आणि व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंतचा. तू २१५/४५ आर १७ साधा घेतलास तर तिथं ८७ असतो, म्हणजे ५४५ किलो. चार टायरांत मिळून २८० किलोंची कुवत तू पैसे देऊन कमी केलीस. त्याच मापात ‘एक्सएल’ लिहिलेला ९१ चा मिळतो. २०५/५० आर १७ मध्ये ९३ चा एक्सएल येतो, ६५० किलोंचा. तोच घ्यायचा. एक ध्यानात ठेव, एक्सएल टायर तेवढाच भार उचलायला जरा जास्त हवा मागतो, म्हणून जुन्याच आकड्यावर हवा भरून चालू नको. ते आकडे मी तुला बसवताना लिहून देईन.

टायर दुकानात हातात घेशील तेव्हा बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे शोध. २३२५ असेल तर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यातला. वर्षाच्या आतला असेल तर घे. चारी एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो जवळच्या तारखांचे. ‘आऊटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरच हवी. आयएसआयचा शिक्का बघ. ट्रेडवेअर म्हणून आकडा असतो, ३०० च्या खालचे मऊ, चिकट, लवकर झिजणारे. ४०० च्या वरचे टिकाऊ. पण वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी लावू नको, ज्यानं-त्यानं आपल्या मापानं लावलेले असतात. तुला मी ३०० च्या आसपासचे, पावसात चांगले घे म्हणेन. २५-३० हजार किलोमीटरांत झिजले तर झिजू देत.

रिम कशी ओळखायची, हे मी फाउंड्रीतला माणूस म्हणून सांगतो. तीन जाती. एक ओतलेली, म्हणजे कास्ट. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात सोडायचं, त्यात सात टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन. ओतताना धातूत वायू अडकला की आत ब्लोहोल राहतात, बाहेरून रंग दिला की दिसत नाहीत. चांगला कारखाना प्रत्येक रिम एक्स-रेखाली बघतो, स्वस्तातला बघत नाही. दोघांमधला फरक तुला डोळ्यांनी कळणार नाही. दुसरी फ्लो-फॉर्म्ड. मधला भाग ओतलेला, पण बाहेरची पन्हाळ गरम असताना गरागरा फिरवून रोलरनं दाबत ओढलेली, जसा कुंभार चाकावर मडक्याचा काठ ओढून पातळ करतो. धातू दबून घट्ट होतो, म्हणून पातळ करूनही मजबूत. तिसरी फोर्ज्ड, हजारो टनांच्या दाबाखाली ठोकलेली, सगळ्यात हलकी आणि सगळ्यात महाग. रेज कंपनीची टीई ३७ या जातीची. १९९६ ची ती. नावातले ३७ म्हणजे १५ इंचीचं वजन ३.७ किलो होतं त्याचे. तिच्या नकला रस्तोरस्ती मिळतात, तोच आकार पण ओतलेला. त्या घेऊ नको. तुझ्या कामाला दुसरी जात उत्तम. रिम बनवणाऱ्या एनकेईचा कारखाना तर तुझ्या चाकणपासून फार लांब नाही, शिक्रापूरला आहे.

वजन मात्र स्वतः कर. भाजीवाल्याकडं हुकाचा काटा असतो तसला एक घेऊन जा आणि रिम लटकवून बघ. एक गिऱ्हाईक १८ इंची नकली रिम घेऊन आलं होतं, काट्यावर साडेबारा किलो भरली. त्याची कंपनीची १६ इंची साडेनऊ. तीन किलो एकेका चाकाला, तेही फिरणारं वजन, तेही स्प्रिंगच्या खालचं. गाडी उचलायला जड, थांबवायला जड आणि खड्ड्यात शॉकअपला जास्त मार. इंजिनवर खर्च करून मिळवलेला जोर अशी चाकं खाऊन टाकतात. तुझी १७ इंची कंपनीच्या १६ इंचीपेक्षा जड नसली पाहिजे. रिमच्या पाठीवर किती किलोंसाठी बनलीय तो आकडाही बघ, आणि जेडब्ल्यूएल, व्हीआयए हे चाचणीचे शिक्के असले तर चांगलंच.

जुन्या रिम स्वस्तात मिळतायत म्हणालीस तर आधी माझ्याकडं आण. आम्ही फाउंड्रीत चीर शोधायचो तशी शोधू. आऱ्यांच्या मुळाशी आणि बोल्टांच्या भोकांभोवती रॉकेल चोपडायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड शिंपडायची. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. अशी एक रेघ दिसली की ती रिम भंगारात. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडं आरीला चीर गेलेली रिम कधीच द्यायची नाही. पुन्हा रंगवलेली रिमही संशयानं बघ. पावडर कोटिंगच्या भट्टीत वारंवार भाजलं की ॲल्युमिनियमला दिलेलं पाणी उतरतं, आणि बोल्टाच्या बैठकीत रंगाचा थर राहिला तर तोच पुढं बोल्ट ढिला करतो.

विम्याच्या कंपनीला रिम-टायर बदलल्याचं लेखी कळव आणि बिल जपून ठेव. टायर मडगार्डच्या बाहेर दिसता कामा नये, मग हवालदारालाही बोट दाखवायला जागा उरत नाही.

चाकं घेतलीस की शनिवारी सकाळी इकडं ये, दुसऱ्या कुणाकडून बसवून घेऊ नको. हवेच्या गननं बोल्ट ठोकणार नाही, हातानं लावून घेऊ, पाकळ्यांच्या क्रमानं, एक सोडून एक. मग गाडी खाली उतरवून टॉर्क पान्यानं १२० न्यूटन-मीटर. अलाइनमेंट करू. हवेचा इशारा देणारं यंत्र नव्या टायरवर रीसेट करू, नाहीतर ते जुन्याच चाकांचा हिशेब धरून बसतं. मग टायरांच्या खांद्यांना खडू फासू, मागच्या सीटवर आणि डिकीत तांदळाची पोती ठेवू आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून, रिव्हर्स घेत, गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून दोन्ही बाजूंनी सावकाश जाऊ. मडगार्डच्या आत कुठं पांढरं लागलं तर रविवार आपल्या हातात आहे.

काही लागलं नाही तर जेवून चारच्या सुमाराला निघ. टॉर्क पाना मी तुझ्या डिकीत ठेवतोय, १२० वर लावलेला, फिरवू नको. कराडला पोचशील तेव्हा ७० एक किलोमीटर झालेले असतील. तिथं सावलीत गाडी लाव, चहा घे, चाकांना हात लावून बघ, कोमट झाली की वीसच्या वीस बोल्टांवर पाना लाव. प्रत्येकाला लगेच ‘टक्’ झालं पाहिजे. एखादा जरासा फिरला तर तो कुठल्या चाकाचा कितवा, ते लिहून ठेव आणि पुण्यात पोचल्यावर पुन्हा बघ. मग मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझा,
मामा